दुसरं बटन

प्रेसला दोन बटनं असतात, विश्वंभर.
एक इकडे, एक तिकडे, मध्ये दीड हाताचं अंतर.
दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम खाली येत नाही.
म्हणजे तो खाली येतो तेव्हा
तुझे दोन्ही हात बाहेर,
आत फक्त पत्रा.
कायदा कायदा म्हणतात तो आपल्यापुरता एवढाच.
बाकीचा भिंतीवर चिकटवलाय,
त्याच्यामागे पाल राहते.

मी नऊ वर्षं एकाच बटनावर प्रेस चालवली.
दुसऱ्यावर आठ आण्याचं नाणं
आणि वरून सायकलच्या ट्यूबची रिंग.
डाव्याने दाबायचं, उजव्याने भरायचं, काढायचं.
साडेचारशेचे सहाशे होतात तासाला.
कुणी सांगितलं म्हणशील, तर कुणीच नाही.
शेठने नाही, चौगुले सुपरवायझरने नाही.
फळ्यावर खडूने आकडा असायचा फक्त,
आणि तो दोन्ही हातांनी गाठता येत नव्हता.

इन्स्पेक्टर येणार हे आदल्या दिवशीच कळायचं.
गार्डला पिवळा रंग, ओलाच, हाताला लागणारा.
रिंगा जायच्या जेवणाच्या डब्यात.
पोळीला रबराचा वास येतो म्हणायची बायको.
मी म्हणायचो, तेल बदललंय कंपनीने.

मग तो बुधवार.
भोसरीत गुरुवारी लाइट बंद, म्हणून बुधवारी डबल.
आवाज काही वेगळा आला नाही.
तोच, ठक्.
मी पुढचा पीस उचलायला गेलो,
उचलला जाईना,
तेव्हा खाली बघितलं.

बोर्डात पेरांवर मोजतात.
तर्जनीची दोन पेरं, अकरा टक्के.
कशाचे, विचारलं.
कमवायच्या ताकदीचे, क्लार्क म्हणाला, मान वर न करता.
पीएमटीत बसून मी वजाबाकी केली:
एकोणनव्वद टक्के मी
लांडेवाडीला उतरलो.

फॉर्मात एक रकाना होता, अपघात कसा झाला.
चौगुले म्हणाला, लिही, माझ्या चुकीने.
खोटं कुठे होतं ते?
रिंग मीच लावलेली.
पेन धरवेना, तर म्हणाला
अंगठा चालतो.

आता रेशनवर मशीन सांगतं, दुसरं बोट लावा.
मुलीच्या शाळेत खडू धरून दाखवला तर पोरं हसली,
मीही हसलो.
आणि चार मार्चला सुरक्षेची शपथ असते,
छातीला हिरवा बिल्ला, नंतर सामोसा,
सगळ्यांनी उजवा हात पुढे करायचा.
मी पहिल्या रांगेत. फोटोत नीट दिसतं.

काल तू विचारलंस,
दादा, रिस्क तर सगळीकडेच की,
नाशिक फाट्याला रस्ता ओलांडताना नाही का?
आहे ना.
पण तिथे कुणी तुला तासाला सहाशे वेळा
ओलांडायला लावत नाही.
हे मला रात्री सुचलं. तेव्हा नुसता गप्प बसलो होतो.

तुझ्या खिशात रिंग आहे.
कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने दोन रुपये घेतले असतील.
माझ्याकडून घेतले नव्हते, म्हणाला होता, कंपनीवाल्यांना फ्री.
दे इकडे.
उदगीरला घर बांधायचंय, ठाऊक आहे.
ठेकेदार दहा दिवसांचे कापतो, तेही ठाऊक आहे.
दे.

बघ, माझ्या बोटात घालून बघितली.
राहत नाही. अडायला पेरच नाही पुढे.

ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सही मागतात माझी,
की तुला सगळं समजावून सांगितलं.
तारीख मी अजून टाकलेली नाही.

चल, हात ठेव.
दोन्ही.
दाब. काढ. भर. पुन्हा दोन्ही.
हळू वाटतंय, वाटू दे.

तास भरला. चारशे बारा.
फळ्यावर सहाशेच आहे.
चौगुले येतोय इकडे.
त्याच्याकडे बघू नकोस,
पीस भर.